पुण्यात सेट केलेला बूस्ट खालापूरला जास्त कसा झाला: एका ऑक्टाव्हिया आरएसची पूर्ण केस

गाडी माझ्या मावसभावाची. २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटरचं २० व्हॉल्व्हवालं टर्बो पेट्रोल, कंपनीचा आकडा १५० पीएस आणि २१० न्यूटन मीटर, टर्बो छोटासा के०३. वीस वर्षं होत आली तरी सिंहगड रोडवरून रोज हिंजवडीला जाते, पासिंग दोनदा करून घेतलंय, आणि विकायचा विषय काढला की हा जेवणावरून उठतो. ही केस लिहून ठेवतोय कारण यात आम्ही एक चूक केली जी आम्हा दोघांना आणि मिस्त्रीलाही आधी कळलीच नाही, आणि मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर (एमबीसी, म्हणजे टर्बो इंजिनात हवेचा जो जास्तीचा दाब भरतो तो बूस्ट हाताने स्क्रू पिळून वाढवायचं यंत्र) लावणाऱ्या कुणाच्याही हातून ती होऊ शकते, विशेषतः जे पुण्यात सेटिंग करतात आणि मुंबईला किंवा कोकणात जातात त्यांच्या.

सुरुवात मे महिन्यात झाली. भाऊ म्हणाला, दादा गाडीला पिकअप नाही राहिला, टर्बो झोपलाय, आपण एमबीसी लावू, दोन हजारात काम होतंय, स्क्रू पिळला की बूस्ट वाढतो. आता हे म्हणणं अर्धं बरोबर आहे म्हणूनच धोक्याचं आहे. स्क्रू पिळला की बूस्ट वाढतो हे खरंय, पण बूस्ट कमी का पडलाय ते न बघता स्क्रू पिळायचा म्हणजे टायर पंक्चर आहे म्हणून रोज हवा भरत बसायचं. मी म्हणलं आधी लॉग घेऊ, म्हणजे गाडी पळताना इंजिनच्या कॉम्प्युटरचे (ईसीयूचे) आकडे नोंदवून बघू.

केबल जोडली, लॅपटॉपवर इंजिनच्या विभागात जाऊन मेजरिंग ब्लॉक ११५ (ईसीयूच्या आकड्यांचा एक ठरलेला गट) उघडला. यात आरपीएम, लोड, ईसीयूने मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट असे चार आकडे शेजारी शेजारी दिसतात, दाब मिलिबारमध्ये, आणि तो अ‍ॅब्सोल्यूट असतो, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळी गोष्ट तिच्यावरच फिरते. तिसऱ्या गिअरमध्ये २००० पासून पूर्ण पाय दाबून ४५०० पर्यंत ओढायचं आणि सोडायचं, त्याच्या पुढे नाही कारण तिसऱ्यातच वेग शंभरच्या जवळ जातो आणि रस्ता काही आपल्या एकट्याचा नाही. पहाटे साडेपाचला घेतलेल्या लॉगमध्ये ईसीयू मागतोय १६०० आणि मिळतायत १३८०. ब्लॉक ११८ मध्ये एन७५ ची (बूस्ट सांभाळणाऱ्या सोलेनॉइडची) ड्युटी ९५ टक्क्यांवर, म्हणजे ईसीयू बिचारा जेवढं जमतंय तेवढं करतोय, वेस्टगेट (एक्झॉस्टला टर्बोच्या बाजूने सोडून देणारं झाकण) पूर्ण बंद ठेवायला सांगतोय आणि तरी दाब बनत नाहीये. म्हणजे हवा कुठंतरी पळतेय.

वारज्याच्या एका छोट्या गॅरेजात सगळे ज्यांना मामा म्हणतात त्यांच्याकडे गाडी नेली. मामांनी पीव्हीसी पाइपचं टोपण घेतलं, त्याला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला, ते एअर फ्लो मीटरच्या पुढच्या होजच्या तोंडात घालून क्लिप आवळली आणि कंप्रेसरने हळूहळू १० पीएसआयपर्यंत हवा सोडली, जास्त नाही, कारण ती हवा क्रँककेसमध्येही जाते आणि जुने सील उगाच उडतात. मग साबणाचं पाणी. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) खालच्या होजला फेस आला, आणि डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पाय काढल्यावर टर्बोचा दाब मागे वळवणारा) काढून तोंडाने ओढून बघितला तर आतला डायफ्राम फाटलेला, धरतच नव्हता. वीस वर्षांच्या रबराकडून अजून काय अपेक्षा करणार. होज, क्लिपा आणि व्हॉल्व्ह नाना पेठेतून आणले, दोन चिरा गेलेल्या व्हॅक्यूम नळ्या पण बदलल्या, प्लगचा गॅप ०.७ मिलीमीटरवर आणला. परत लॉग. मागणी १६००, मिळाले १५९० ते १६१०. गाडी एकदम हलकी झाली, भाऊ वारज्यापासून घरापर्यंत हसतच होता.

माझ्या मते केस इथंच संपायला हवी होती. पण एकदा डोक्यात शिरलं की शिरलं. दोन महिन्यांनी एमबीसी घेऊनच आला, पितळी, बॉल आणि स्प्रिंगवाला, आणि म्हणाला आता लीक नाही ना, मग आता लावू. मला पण मनातून बघायचं होतंच, खोटं कशाला बोला.

आता हे नेमकं करतं काय ते सांगतो. टर्बोने दाबलेल्या हवेची एक बारीक नळी वेस्टगेटच्या डब्यापर्यंत जाते. डब्यात डायफ्राम आणि स्प्रिंग. दाब पुरेसा झाला की डायफ्राम रॉड ढकलतो, वेस्टगेट उघडतं, एक्झॉस्टचा काही भाग टर्बाइनला न लागता बाजूने जातो आणि बूस्ट तिथंच थांबतो. नुसती नळी थेट जोडली तर या गाडीवर साधारण ०.३५ बारला उघडायला लागतं (१ बार म्हणजे १००० मिलिबार, आणि बारमधले हे आकडे बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीच्या दाबाचे). त्याच्या वरचा बूस्ट कंपनी एन७५ नावाच्या सोलेनॉइडने मिळवते, तो त्या नळीतली थोडी हवा परत इनटेकमध्ये सोडून देतो, डब्याला कमी दाब कळतो, वेस्टगेट उशिरा उघडतं. एमबीसी तेच काम करतो पण बिनडोक पद्धतीने. नळीच्या मधे एक गोळी, मागे स्प्रिंग, स्प्रिंगवर स्क्रू. जोपर्यंत दाब स्प्रिंगला हरवत नाही तोपर्यंत डब्याकडे हवाच जात नाही, म्हणून वेस्टगेट शेवटपर्यंत घट्ट बंद राहतं आणि बूस्ट लवकर चढतो, तो झटका लोकांना आवडतो. आणि डब्याच्या बाजूला एक सुईएवढं भोक असतं, पाय काढल्यावर अडकलेली हवा तिथून निघून जाते. ते भोक बुजलं तर वेस्टगेट नीट मिटत नाही आणि पुढच्या वेळी गाडी मेल्यासारखी उचलते, त्यामुळे तिथं धूळ आणि ऑइल बसू द्यायचं नाही.

लावताना ज्या गोष्टींवर आम्ही वेळ घालवला त्या सांगतो, बाकी काम अर्ध्या तासाचं आहे. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, टर्बो फायरवॉलच्या बाजूला आहे, हात तिथंच घालायचाय. बाणाची दिशा टर्बोकडून डब्याकडे. नळी ४ मिलीमीटरची सिलिकॉन, शक्य तितकी आखूड, एक्झॉस्टपासून लांब, आणि प्रत्येक टोकाला क्लिप, नुसती ढकलून बसवायची नाही. कारण ही नळी निसटली तर डब्याला दाब कळणारच नाही, वेस्टगेट उघडणारच नाही आणि बूस्टला मालकच उरणार नाही. भावाला मी हे तीन वेळा सांगितलं. दुसरं म्हणजे एन७५ ची वायर काढायची नाही, नाहीतर ईसीयू लगेच फॉल्ट टाकतो, पण त्याची इनटेककडे जाणारी नळी काढली की ते तोंड टोपी लावून नीट बंद करायचं. ते तोंड एअर फ्लो मीटरच्या नंतर येतं, उघडं राहिलं तर न मोजलेली हवा आत जाते आणि मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. त्यात आता पंपावर ई२० पेट्रोल, इथेनॉलमुळे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं, म्हणजे फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल कमीजास्त करतो ती दुरुस्ती) आधीच प्लसमध्ये, त्यात अजून लीक म्हणजे नको ते.

बूस्ट गेजसाठी टी मारली ती फ्युएल प्रेशर रेग्युलेटरच्या नळीवर, म्हणजे गेज इनटेक मॅनिफोल्डचा दाब दाखवणार, थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेच्या) नंतरचा. ईसीयूचा सेन्सर मात्र थ्रॉटलच्या आधी, इंटरकूलरकडून येणाऱ्या पाइपावर आहे. हा फरक त्या दिवशी मला किरकोळ वाटला होता.

सेटिंग स्क्रू पूर्ण सैल ठेवून सुरू केलं. ०.४ बार. मग अर्धा फेरा, एक ओढ, लॉग बघायचा, दहा मिनिटं शांत चालवायची, मग परत. ०.६ नंतर फक्त पाव पाव फेरा. दर वेळी चेकनट (स्क्रू जागच्या जागी धरणारा नट) आवळायचा, नाहीतर व्हायब्रेशनने स्क्रू स्वतःच फिरतो. गेजबरोबर ब्लॉक ०२० उघडा ठेवला होता, त्यात नॉकमुळे (पेट्रोल अवेळी भडकल्यामुळे) ईसीयू प्रत्येक सिलिंडरच्या ठिणगीचं टायमिंग किती डिग्री मागे घेतोय ते दिसतं. ०.७ बारला दोन तीन डिग्री, चालतंय. ०.८ ला साध्या पेट्रोलवर तिसरा सिलिंडर सहावर गेला, ९५ ऑक्टेन भरल्यावर चारवर आला. ०.८ च्या वर जायचं नाही असं मी तिथंच ठरवलं, आणि तसंही ५००० च्या पुढे हा एवढासा टर्बो दमतो, स्क्रू कितीही पिळा बूस्ट खाली येतोच, हवा फक्त जास्त गरम होते.

तर ०.८ बार. ब्लॉक ११५ मध्ये मागणी १६००, मिळाले १७५०. दीडशे मिलिबार जास्त. ईसीयू गप्प, लाइट नाही, फॉल्ट नाही. भाऊ खूश, मी बऱ्यापैकी खूश, मामा मात्र म्हणाले, "ती मागतेय त्यापेक्षा जास्त वाढताय तुम्ही, एक दिवस ताट ढकलंल ती." आम्ही ऐकून घेतलं आणि निघालो.

चार महिने गाडी पुण्यात फिरली. एक त्रास होता तो भाऊ लपवत होता हे मला नंतर कळलं. राजाराम पुलाजवळच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा पाय दिला की गाडी हुसकायची, मग अडखळायची, परत हुसकायची. कारण साधं आहे, अर्ध्या पायाला ईसीयू मागतो ११५०, पण एमबीसीला पाय किती दाबलाय हे माहीतच नसतं, त्याला फक्त स्प्रिंग माहीत, तो १५०० देतो, मग ईसीयू थ्रॉटल मिटवून दाब अडवतो, मग परत उघडतो. या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरला केबल नाही, थ्रॉटल मोटरने उघडतं, म्हणून ही रस्सीखेच पायाला जाणवते. केबल थ्रॉटलच्या जुन्या गाडीत हा प्रकार नसतो.

डिसेंबरमध्ये भाऊ पहाटे मुंबईला निघाला. घाट उतरला, खालापूर टोलवरून सुटताना दुसरा, तिसरा पूर्ण ओढला, चौथ्यात पाय दाबलेलाच होता आणि गाडीने एकदम जीव सोडला. मागे ट्रक. नशीब की डावी लेन मोकळी होती, तो तसाच साठच्या वेगाने पनवेलच्या अलीकडच्या पंपापर्यंत गेला आणि तिथून मला फोन. आवाज कापत होता. मला आजही तो मागचा ट्रक आठवला की पोटात गोळा येतो, कारण तो ०.८ आकडा मी ठरवला होता.

"दादा, टर्बो गेला बहुतेक."

म्हणलं चावी बंद कर, मिनिटभर थांब, परत सुरू कर. केली, गाडी नॉर्मल. म्हणजे टर्बो गेला नव्हता, लिम्प मोड होता, म्हणजे ईसीयूने इंजिन वाचवायला ताकद मुद्दाम कमी केली होती. लॅपटॉप आणि केबल त्याच्याकडे होती, फॉल्ट वाचला, १७९६५, चार्ज प्रेशर कंट्रोल, पॉझिटिव्ह डेव्हिएशन. मराठीत सांगायचं तर मागितला त्यापेक्षा दाब जास्त आला आणि जास्तच राहिला. मी विचारलं काटा किती होता, तर म्हणाला शप्पथ ०.८ च्या वर गेला नाही, उलट बंद पडायच्या आधी ०.७ वर आला होता. माझा पहिला संशय चेकनटवर. त्याने बॉनेट उघडून बघितलं, आम्ही स्क्रूवर मारलेली पांढऱ्या पेंटची रेघ जिथल्या तिथं. नळी जागेवर, क्लिपा जागेवर, भोक साफ. मग काटा खोटा का फॉल्ट खोटा?

काहीच सुचेना म्हणून म्हणलं इंजिन बंद ठेव, फक्त चावी ऑन कर, ११५ उघड आणि प्रत्यक्ष बूस्टच्या रकान्यात काय दिसतंय ते वाच. इंजिन बंद असताना तिथं दिसतो तो निव्वळ बाहेरच्या हवेचा दाब.

"एक हजार आठ."

मी पुण्यातल्या जुन्या लॉगची वही काढली. प्रत्येक लॉगच्या आधी हाच आकडा लिहायची मला सवय आहे, म्हणून सापडला. ९५१, ९४९, ९५०, ९५२. सगळे साडेनऊशेच्या आसपास. आणि तिथं माझी ट्यूब पेटली.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर आहे. इथं हवेचा दाब ९५० मिलिबार, घाट उतरून खाली गेलं की हजाराच्या वर. एमबीसीची स्प्रिंग कुकरच्या शिट्टीसारखी आहे. शिट्टी बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब झाला यावर उचलली जाते, बाहेरची हवा किती आहे याच्याशी तिला घेणंदेणं नाही, म्हणूनच महाबळेश्वरला डाळीला एखादी शिट्टी जास्त लागते. आमची स्प्रिंग बाहेरच्या हवेपेक्षा ०.८ बार जास्त झाल्यावर उघडत होती. पुण्यात ९५० अधिक ८००, म्हणजे १७५०. पनवेलला १००८ अधिक ८००, म्हणजे १८०८. ईसीयू मोजतो अ‍ॅब्सोल्यूट, त्याची मागणी तिथंही १६०० च्याच आसपास. पुण्यातला दीडशेचा फरक खाली दोनशेच्या वर गेला, आणि तिसरा चौथा सलग ओढल्यामुळे तो काही सेकंद टिकला. तेवढ्यात ताट ढकललं तिने. आणि काटा ०.७ वर का आला? कारण ईसीयूने थ्रॉटल मिटवायला घेतलं होतं, थ्रॉटलच्या मागे दाब साचलेला आणि आमचं गेज थ्रॉटलच्या पुढे. म्हणजे जो फरक मला किरकोळ वाटला होता त्यामुळेच भावाला सगळं ठीक दिसत राहिलं.

त्याला तिथंच स्क्रू एक पूर्ण फेरा सैल करायला सांगितला आणि मुंबईहून येताना पाय हलका ठेव म्हणलं. पुण्यात आल्यावर आम्ही परत सेट केलं ०.६८ वर. हिशोब असा धरला, पुण्यात १६३०, खाली १६९०, म्हणजे सर्वात वाईट ठिकाणीही नव्वदच जास्त. आता सेटिंग करताना मी हाच नियम लावतो, गाडी जिथं उभी आहे तिथला दाब नाही धरायचा, ती जिथं सर्वात खाली जाणार आहे तिथला धरायचा, आणि थंडीतली पहाट धरायची. कोल्हापूर, सातारा, नाशिक, संभाजीनगरवाल्यांना हे जसंच्या तसं लागू आहे, सगळे वरच आहेत.

पण ०.६८ म्हणजे काय, कंपनी पुण्यात ०.६५ (१६०० वजा ९५०) देतच होती. ०.०३ बारसाठी ट्रॅफिकमधली ती हुसकाहुसकी सहन करायची का, असं मी विचारलं आणि भाऊ बराच वेळ गप्प बसला. वर मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये फरक पडेल असे बदल करता येत नाहीत, आणि उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाला बॉनेट उघडून ते पितळ पहिल्यांदा बघणार. हे मी आधी बोललो नव्हतो, बोलायला हवं होतं.

माझं आता स्पष्ट मत असं आहे की मोटरच्या थ्रॉटलची गाडी असेल, जिथं ईसीयू बूस्ट मागतो, मोजतो आणि पाळतो, तिथं एमबीसी लावू नका. जास्त बूस्ट पाहिजेच असेल तर तो ईसीयूला मागायला शिकवावा लागतो, म्हणजे मॅप बदलावा लागतो, तोही पेट्रोल, प्लग, कॉइल आणि टायमिंग बघून. एमबीसी वाईट नाही, पण त्याची जागा वेगळी आहे, साध्या वेस्टगेटच्या केबल थ्रॉटलवाल्या जुन्या इंजिनावर, जिथं दाबाचा दुसरा कुणी मालक नाही. आणि नव्वद टक्के लोकांना बूस्ट कमी वाटतो तेव्हा गाडीला साबणाचं पाणी लागतं, पितळी स्क्रू नाही. भावाला जो पिकअप पाहिजे होता तो सगळा त्या फाटक्या डायफ्राममध्ये होता.

जानेवारीत मामांनी एमबीसी काढला, नवीन एन७५ बसवला, नळ्या मूळ जागी, टोपी काढली. लॉगमध्ये मागणी १६००, मिळाले १६०५. गेजवर ०.६५. ट्रॅफिकमधलं अडखळणं त्याच दिवशी गेलं.

परवा भाऊ परत मुंबईला गेला. पनवेलच्या त्याच पंपावरून फोन.

"दादा, गाडी मस्त ओढतेय, पण काटा ०.६ वरच थांबतोय. पुण्यात ०.६५ जातो. लीक झाला का परत?"

म्हणलं चावी ऑन कर, इंजिन नको, ११५ उघड.

"एक हजार नऊ," म्हणाला. मग दोन सेकंद शांतता. "हां. ठेवतो."